राज्यपाल श्रीप्रकाश आणि शाळेतील दोन तासिका

आमच्या जुन्या मिशन शाळांच्या वेळापत्रकात पहिला तास शास्त्राचा असे. त्या तासाला ख्रिस्ती मुले बसत, इतर धर्मांची मुलेही बसत. पुढे ती मुले पालकांच्या संमतीने बसू लागली, आणि काही ठिकाणी त्यांच्यासाठी नीतिपाठाचा वेगळा वर्ग निघाला. हा बदल कोणा मुख्याध्यापकाच्या लहरीने झाला नाही. शाळेत धर्म आणि नीती कोणी शिकवावी, किती शिकवावी, कोणाच्या खर्चाने शिकवावी, हा प्रश्न या देशात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने केवळ या एका प्रश्नासाठी समिती नेमली ती १९५९ साली. तिचे अध्यक्ष त्या वेळी मुंबईच्या राजभवनात राहत होते. त्यांचे नाव श्रीप्रकाश. महाराष्ट्र राज्याचे पहिले राज्यपाल म्हणून हे नाव आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. समितीचे अध्यक्ष म्हणून मात्र ते फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून या अंकी त्यांची ओळख करून देत आहोत.

श्रीप्रकाश यांचा जन्म ३ ऑगस्ट १८९० रोजी काशीत झाला. वडील डॉ. भगवानदास हे मोठे पंडित. काही वर्षे त्यांनी सरकारी नोकरी केली, मग ती सोडून ते ॲनी बेझंट बाईंच्या कामाला लागले. बेझंट बाईंची कथा मोठी चमत्कारिक आहे. एका इंग्रज पाळकाची ही पत्नी. तिने प्रथम ख्रिस्ती श्रद्धा सोडली, मग काही वर्षे देवच नाही असे सांगत फिरली, आणि शेवटी थिऑसॉफीच्या मार्गाने हिंदुस्थानात येऊन पोहोचली. त्यांनी भगवानदासांच्या साह्याने १८९८ साली काशीत सेंट्रल हिंदू कॉलेज काढले. मिशनच्या शाळा-कॉलेजांतून हिंदू मुलांना बायबल शिकविले जाते, सरकारी कॉलेजांतून काहीच शिकविले जात नाही, तेव्हा हिंदू मुलांना त्यांचा स्वतःचा धर्म शिकविणारे कॉलेज हवे, हा त्यामागील विचार होता. त्यासाठी त्यांनी सनातन धर्माची क्रमिक पुस्तके तयार केली. लहानांसाठी सोपे पुस्तक, मोठ्यांसाठी वरचे, आणि जोडीला प्रश्नोत्तरावलीसुद्धा. प्रश्नोत्तरावली हा प्रकार आम्हा मंडळीतल्या लोकांना लहानपणापासून परिचयाचा आहे. तो काशीला कोठून गेला असेल हे ओळखणे अवघड नाही, आणि त्यात आम्ही राग मानावा असेही काही नाही. चांगली पद्धत दिसली की शेजारी ती घेतोच.

अशा घरात श्रीप्रकाश वाढले. शाळेत धर्म शिकविण्याचा प्रयोग त्यांच्या घराच्या ओसरीवरच चालला होता म्हणावयास हरकत नाही. पुढे ते केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले, आणि परत येऊन काशीतच राहिले. वकिलीत त्यांचे मन रमले नाही. शिक्षण, वर्तमानपत्र आणि राजकारण या तीन गोष्टींनी त्यांचे पुढील आयुष्य व्यापले.

वर्तमानपत्राचा उल्लेख केला म्हणून एक गोष्ट सांगतो. १९२० साली काशीचे दानशूर गृहस्थ शिवप्रसाद गुप्त यांनी ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू केले. आरंभीच्या दिवसांत त्याच्या संपादनाची जबाबदारी श्रीप्रकाशांवर होती. त्यांच्यानंतर ज्यांनी हे पत्र नावारूपाला आणले ते बाबूराव विष्णु पराडकर हे काशीत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांना यात आपल्याच घरची गोष्ट दिसेल. परमुलखात राहून तेथील भाषेची सेवा केलेले मराठी लोक काही थोडे नाहीत.

१९२१ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते काशी विद्यापीठाची स्थापना झाली. शिवप्रसाद गुप्त आणि भगवानदास हे तिचे आधारस्तंभ. सरकारची मान्यता नको आणि पैसाही नको, असा या संस्थेचा बाणा होता. श्रीप्रकाशांनी येथे अध्यापन केले. पुढे पंतप्रधान झालेले लालबहादूर हे येथलेच विद्यार्थी, आणि त्यांच्या नावापुढील शास्त्री ही याच संस्थेची पदवी. यानंतरची श्रीप्रकाशांची वीस-पंचवीस वर्षे काँग्रेसच्या कामात, तुरुंगात आणि दिल्लीच्या विधिमंडळात गेली. तो भाग त्या पिढीतल्या अनेकांच्या चरित्रात जवळजवळ सारखाच आढळतो, म्हणून आम्ही तो येथे विस्ताराने देत नाही.

पण १९४७ साल मात्र निराळे. देशाची फाळणी झाली आणि श्रीप्रकाशांना भारताचे पहिले उच्चायुक्त म्हणून कराचीला पाठविण्यात आले. ज्यांच्या वडिलांनी सर्व धर्मांच्या ग्रंथांतील वचने शेजारी शेजारी मांडून त्यांचे अंतरंग एकच आहे हे दाखविण्यासाठी एक जाडजूड ग्रंथ लिहिला, त्या मुलाच्या वाट्याला धर्माच्या नावाने फाटलेल्या देशातले हे काम आले. सिंधमधील हिंदू घरे-दारे, दुकाने, शेते सोडून निघत होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत मोठी दंगल झाली. तीत जीव गेले, लूट झाली, आणि त्यानंतर निघणाऱ्यांचा ओघ थांबविणे कोणाच्याही हाती राहिले नाही. आगबोटी भरभरून माणसे मुंबईला उतरू लागली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची सोय झाली, आणि तेच आजचे उल्हासनगर. या माणसांना वाटेला लावण्याचे काम ज्या कचेरीकडे होते, तिचे प्रमुख श्रीप्रकाश होते. दंगल करणारे आणि दंगलीत सापडलेले, दोघांच्याही घरी धर्मग्रंथ होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. शाळेतील धर्मशिक्षणाचा विचार करणाऱ्या माणसाने असे काही पाहिलेले असणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. ज्याने तो केवळ पुस्तकात पाहिला आहे त्याच्या शिफारशी वेगळ्या झाल्या असत्या.

१९४९ साली ते आसामचे राज्यपाल झाले, नंतर केंद्रात मंत्री, आणि १९५२ साली मद्रासचे राज्यपाल. मद्रासला त्यांच्यावर टीका झाली ती लपवून ठेवण्याचे कारण नाही. निवडणुकीत काँग्रेसला तेथे बहुमत मिळाले नव्हते. अशा वेळी राज्यपालांनी राजगोपालाचारींना विधान परिषदेवर नामनियुक्त करून सरकार बनविण्यास बोलाविले. निवडणुकीला उभ्या न राहिलेल्या माणसाला मुख्यमंत्री करणे हे घटनेच्या अक्षराला धरून असेल, पण तिच्या आशयाला धरून नाही, असे पुष्कळांचे मत पडले, आणि आमचेही तेच आहे.

त्याच राजगोपालाचारींनी १९५३ साली प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावे आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा शिकावा, अशी ती होती. कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे काय, असा सवाल उठला, रान पेटले, आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री होताच योजना गुंडाळली गेली. योजना मंत्रिमंडळाची होती, राज्यपालांची नव्हे. तरी ही गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. कारण पुढे श्रीप्रकाश समितीनेही मुलाच्या जडणघडणीत घराला पहिले स्थान दिले, आणि आपल्या देशात सर्वांची घरे सारखी नाहीत, हे मद्रासने नुकतेच दाखविले होते.

डिसेंबर १९५६ मध्ये ते मुंबईला राज्यपाल म्हणून आले. द्वैभाषिक मुंबई राज्य नुकतेच झाले होते. बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्याला जेमतेम महिना उलटला होता, आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात होता. या गडबडीत उत्तर प्रदेशातून आलेल्या राज्यपालाकडे पाहण्यास लोकांना सवड कोठली! पण १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा राज्यपालपदी तेच होते, आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत राहिले.

या मुंबईच्या काळातच त्यांच्यावर समितीचे काम आले. वडील डॉ. भगवानदास सप्टेंबर १९५८ मध्ये वारले होते, आणि १७ ऑगस्ट १९५९ रोजी, म्हणजे वर्ष पुरे होण्याच्या आतच, केंद्र सरकारने धार्मिक व नैतिक शिक्षणाविषयी समिती नेमली. अध्यक्ष श्रीप्रकाश. सभासदांत प्राध्यापक जी. सी. चटर्जी आणि आसफ फैजी. फैजी हे मुंबईकरांच्या ओळखीचे. येथील शासकीय विधि महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, आणि मुसलमानी कायद्यावर त्यांच्याइतका अधिकारी लेखक त्या काळी दुसरा क्वचितच असेल. प्रेम कृपाल हे समितीचे चिटणीस होते.

समितीपुढील प्रश्न किती जुना होता हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १८५४ च्या खलित्यापासून सरकारी शाळांनी धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे हे ठरलेले होते. १८८२ च्या हंटर कमिशनने नैसर्गिक धर्माच्या मूलतत्त्वांवर एक नीतीचे पाठ्यपुस्तक करावे असे सुचविले, तेव्हा कमिशनचेच एक सभासद, मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्याला विरोध करून आपले वेगळे टिपण जोडले. ते पुस्तक काही शाळांत रुजले नाही. १९४४ साली मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने याच प्रश्नासाठी लाहोरचे बिशप बार्न यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसविली, ही गोष्ट आमच्या मंडळ्यांनाही फारशी ठाऊक नसते. त्या समितीच्या अहवालावर विचार करून मंडळाने १९४६ साली असे ठरविले की नीती व अध्यात्म यांचे महत्त्व मोठे आहे खरे, पण ते शिकविण्याची जबाबदारी घराची आणि ज्याच्या त्याच्या समाजाची. नेहमीचे विषय शिकविताना ओघात जेवढे येईल तेवढे शाळेने करावे, अधिक नाही.

त्यानंतर राज्यघटना आली. तिच्या २८ व्या कलमाप्रमाणे, सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण देता येत नाही. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या खासगी शाळेत ते देता येते, पण कोणावर सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. आमच्या मिशन शाळांतील शास्त्राचा तास या दुसऱ्या भागावर उभा आहे.

मग समितीला करता येण्यासारखे उरले काय? सरकारी शाळांत धर्म शिकविता येत नाही, आणि धर्माला बाजूस ठेवून नीती शिकविली तर तिला आधार कोठला? श्रीप्रकाशांनी मधली वाट काढली. जानेवारी १९६० मध्ये दिलेल्या अहवालात समितीने म्हटले की देशात आणि विद्यार्थ्यांत जी अस्वस्थता दिसते तिचे एक मोठे कारण धर्माच्या मूलतत्त्वांची लोकांच्या मनावरील पकड सुटत चालली हे आहे. यासाठी शाळेने सर्व धर्मांतील समान नीती शिकवावी, थोर धर्मपुरुषांची चरित्रे सांगावीत, पण विधी आणि मतप्रणाली यांना हात लावू नये. यात काशीच्या घराची छाप उघड दिसते. वडिलांनी ग्रंथात जे केले, तेच मुलाने शाळेसाठी करून पाहिले. मात्र आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लहानपणी त्यांच्या घरात तयार झाली ती एका धर्माची क्रमिक पुस्तके, आणि म्हातारपणी त्यांनी शिफारस केली ती सर्व धर्मांच्या कथांची. मधल्या साठ वर्षांत कराची येऊन गेली होती.

शिफारशी अगदी बारीकसारीक होत्या. प्राथमिक शाळेत सकाळी सर्वांनी मिळून गाणे म्हणावे. संत व प्रेषितांच्या सोप्या गोष्टी भाषेच्या पुस्तकात घालाव्यात. निरनिराळ्या धर्मांशी संबंधित कलाकृतींची आणि वास्तूंची चित्रे दाखवावीत, विशेषतः भूगोल शिकविताना. नीतीच्या शिक्षणासाठी आठवड्याला दोन तासिका राखून ठेवाव्यात. माध्यमिक शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटे मौन, मग धर्मग्रंथांतून किंवा थोर साहित्यातून वाचन, जगातील मोठ्या धर्मांच्या शिकवणीसाठी आठवड्याला एक तास, आणि सुटीत समाजसेवा. कॉलेजात निरनिराळ्या धर्मांचा तुलनात्मक अभ्यास. शिवाय चांगल्या चालीरीती, खेळ, कवायत आणि घरच्या वळणावर भर. मौनाची कल्पना त्याआधी राधाकृष्णन आयोगानेही विद्यापीठांसाठी मांडली होती. ती आम्हाला आवडते. दोन मिनिटे गप्प बसण्यास कोणत्याही धर्माचा अडसर येत नाही, आणि ज्या मुलाला प्रार्थना करावयाची आहे ते त्या दोन मिनिटांत करू शकते.

एका शिफारशीबद्दल मात्र आम्ही साशंक आहोत. विद्यार्थ्याचे शील आणि वर्तन हा त्याच्या एकंदर मूल्यमापनाचा आवश्यक भाग असावा, असे समितीने सुचविले. ऐकावयास हे बरे वाटते. पण शीलाला गुण देणार कोण? वर्गात साठ मुले, शिक्षक एक, आणि त्याच्या पूर्वग्रहांसह तो एक. जो मुलगा घरून शिकून आलेली नम्र भाषा बोलतो त्याला दहापैकी नऊ, आणि ज्याच्या घरी तशी भाषा बोलतच नाहीत त्याला चार. गुण मिळणार म्हणून खरे बोलणारे मूल आणि खरे बोलणारे मूल यांतील फरक गुणपत्रिकेला कळत नाही. रविवारच्या शाळेत बक्षिसासाठी वचने पाठ करणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची जरुरी नाही.

मतप्रणाली वगळा, ही शिफारस आम्हा ख्रिस्ती लोकांना थोडी बोचते हेही सांगितले पाहिजे. चांगल्या शमरोन्याची गोष्ट शेजारधर्म शिकविण्यासाठी कोणीही सांगू शकतो, आणि सांगावी. पण उधळ्या पुत्राच्या गोष्टीतून पित्याला वेगळे काढता येत नाही. तो काढला की उरते ती काटकसर शिकविणारी एक बोधकथा. हीच अडचण मुसलमान बंधूला त्याच्या कथांबाबत आणि वारकऱ्याला त्याच्या संतांबाबत वाटणार. सर्व धर्मांचा समान अर्क काढताना प्रत्येक धर्मातील जिवंत गोष्ट भांड्याच्या तळाशी राहून जाते. तरीदेखील, सरकारी शाळेने ही जिवंत गोष्ट शिकवू नये याच मताचे आम्ही आहोत. जेथे आम्ही अल्पसंख्य आहोत, आणि आम्ही बहुतेक ठिकाणी तसेच आहोत, तेथे सरकारी शाळा जी जिवंत गोष्ट शिकवील ती आमची असणार नाही. समितीने घातलेली मर्यादा आमच्या मुलांचे रक्षण करणारी होती, आणि ती घालणारा माणूस काशीच्या एका निष्ठावंत हिंदू घरातला होता, याची नोंद आमच्या मंडळ्यांनी ठेवावी.

अहवालाचे पुढे काय झाले? कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात त्याचे बहुतेक म्हणणे उचलून धरले. आठवड्याला एक-दोन तासिका असाव्यात, त्या नेहमीच्या शिक्षकांनीच घ्याव्यात, असे सांगितले. शिवाय धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट करून मांडले. पण वेळापत्रकात इंग्रजी आणि गणितापुढे नीतीची तासिका टिकणे कठीण. परीक्षेत जे येत नाही ते फळ्यावर येत नाही, ही आपल्या शाळांची जुनी रीत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मूल्यशिक्षण हा शब्द ठळकपणे आला. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात दहा मूल्यांची यादी झाली, तीत सर्वधर्मसहिष्णुता होती, आणि सकाळच्या परिपाठात मूल्यशिक्षण आले. १९९९ साली नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सत्य, सदाचार, शांती, प्रेम व अहिंसा या पाच मूल्यांवर भर द्यावा आणि मुलांना सर्व धर्मांची मूलतत्त्वे ओळखीची करून द्यावीत, असा अहवाल दिला. तो धरून केलेला अभ्यासक्रमाचा आराखडा न्यायालयात आव्हानित झाला. तेव्हा १२ सप्टेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी शिकविणे २८ व्या कलमाच्या आड येत नाही असा निर्णय दिला. २०२० च्या नव्या धोरणातही नैतिक व घटनात्मक मूल्यांना जागा आहे. म्हणजे १९६० च्या त्या अहवालाचे शब्द पुनःपुन्हा येत राहिले, आणि प्रत्येक वेळी ते वर्गात पोहोचविण्याचे काम पुढच्या समितीकडे गेले.

श्रीप्रकाश १९६२ साली राज्यपालपदावरून निवृत्त झाले. १९५७ साली त्यांना पद्मविभूषण मिळालेले होते. निवृत्तीनंतर त्यांनी पुष्कळ लेखन केले. पाकिस्तानच्या जन्माच्या आणि आरंभीच्या दिवसांच्या आठवणींवर त्यांचे पुस्तक आहे. वडिलांवर त्यांनी लिहिले, आणि बेझंट बाईंवरही लिहिले. २३ जून १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८० वर्षांचे होते, आणि त्यांनी सुचविलेल्या दोन तासिका देशातल्या बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात अजून आलेल्या नव्हत्या.